तीन कॉलेजांचं नेतृत्व

३ जुलै, सोमवार
प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. आमच्यासह तीन कॉलेजांतले जीवशास्त्राचे प्राध्यापक मिळून पहिल्या वर्षासाठी नवा कार्यक्रम करणार. व्याख्यानं कमी, मुलांनी स्वतः करून शिकायचं. दुसरं कोणी मोकळं नाही म्हणून तुम्ही जा, म्हणाले. मनातलं कौतुक उघड करायचा त्यांचा स्वभावच नाही. नेतृत्व अर्थातच माझ्याकडे.
संकल्प : मीटिंगमध्ये कमी बोलायचं.
हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कौतुकसुद्धा मोजून करते. "बरं" म्हणाली.

६ जुलै, गुरुवार
पहिली मीटिंग, नदीपलीकडच्या कॉलेजात. तिथल्या बाईंनी सगळी हयात गांडुळांवरच्या संशोधनात घालवली. मुलं त्यांना गांडूळबाई म्हणतात आणि त्यांना ते आवडतं! तिसरा एक तरुण प्राध्यापक, केस खांद्यापर्यंत. त्याचं नाव मी झिपऱ्या ठेवलं आहे. फक्त या वहीपुरतं.
शिक्षकाने वर्गात कमी का बोलावं, यावर मी एक तास दहा मिनिटं बोललो. बाई मध्येच दोनदा काहीतरी सांगायला गेल्या, पण माझा ओघ बघून थांबल्या. झिपऱ्या सारखा वहीत काहीतरी उतरवून घेत होता. निघताना डोकावलो. माझं चित्र होतं, बेडकाच्या रूपात. मागच्या पायांचे स्नायू अगदी अचूक काढलेत. पोरगा हुशार आहे.

१९ जुलै, बुधवार
बाईंचा फोन. त्या दोघांच्या वर्गांत मुलं तळ्याचं पाणी, पानं, माती असलं काहीबाही आणून मायक्रोस्कोपखाली बघणार. मी मात्र नेहमीसारखंच शिकवायचं. काहीही बदलू नका, तुमचा वर्ग तसाच हवा, असं त्या तीनदा म्हणाल्या. म्हणजे माझी पद्धत आदर्श म्हणून जपून ठेवणार.
हिला सांगितलं. "बरं." हे बरं पहिल्यापेक्षा लांब होतं.

११ ऑगस्ट, शुक्रवार
पेशी शिकवली. माझ्या नोट्स सव्वीस वर्षांच्या झाल्या. आज घडीवर फाटल्या आणि केंद्रकाचा अर्धा भाग पंख्याच्या वाऱ्याने खिडकीबाहेर गेला. उरलेल्या अर्ध्यावर भागवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. यालाच मी एकाग्र वर्ग म्हणतो.
ऐकतो की बाईंच्या वर्गात मुलं तास संपला तरी उठत नाहीत. बेशिस्त.

१२ सप्टेंबर, मंगळवार
निकाल लागला. तिन्ही वर्गांची जुलैत आणि आता एकच चाचणी घेतली, वीस मार्कांची. बाईंच्या वर्गाची सरासरी नऊवरून सोळावर. झिपऱ्याची आठवरून पंधरावर. माझी नऊवरून आठवर.
प्रश्नपत्रिकेत दोष असावा, असं मी म्हणालो. झिपऱ्या छताकडे बघू लागला. मग बाईंनी अहवाल पुढे केला. त्यात माझ्या वर्गापुढे लिहिलं होतं : कंट्रोल ग्रुप. म्हणजे ज्याच्यावर कसलाच प्रयोग झालेला नाही, निव्वळ तुलनेसाठी ठेवलेला गट. ही व्याख्या मी सव्वीस वर्षं लिहून देतो आहे.
हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. बाई ओशाळून म्हणाल्या, पहिल्याच मीटिंगमध्ये सांगणार होते हो, पण तेव्हा तुम्ही बोलत होता.
घरी आल्यावर ही म्हणाली की वाढ शून्य असती तर समजण्यासारखं होतं, पण एक मार्क कमी म्हणजे मुलं येताना घेऊन आलेलंही विसरली. मी जेवलो नाही. थोडंच जेवलो.

१४ सप्टेंबर, गुरुवार
प्रिन्सिपॉल म्हणाले की पुढच्या सत्रापासून पहिलं वर्ष नव्या पद्धतीनेच चालेल. तुम्हाला जमेल का? एक तास घेऊन दाखवा, बाई येऊन बघतील. नाहीतर वेळापत्रक समिती तुमच्याकडे.
वेळापत्रक समिती! तिथे गेलेला माणूस पुन्हा वर्गात दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर (इथे सांगायला हरकत नाही) वर्गाशिवाय मला दुसरं काही येत नाही.
संकल्प : वीस मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही.
सराव केला. ही म्हणाली, घरात कधी नव्हे ती शांतता आहे, रोज करत जा.

२१ सप्टेंबर, गुरुवार
तास झाला. तळ्याचं पाणी मी स्वतः बादलीतून आणलं. अर्धं बुटांत.
चार मिनिटं गप्प राहिलो. पाचव्या मिनिटाला प्रस्तावना सुरू केली. मागे बसलेल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मूग गिळून बसलो.
शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. जुलैपासून हजेरीखेरीज तिचा आवाज ऐकला नव्हता. मायक्रोस्कोपमध्ये बघता बघता ती एकदम ओरडली, की याच्या डोक्यावर दोन चाकं फिरताहेत! सगळे धावले. मीही धावलो, बघितलं. खरंच चाकं फिरत होती. ती विचारत होती, हे काय आहे? नाव आठवेना. फळ्यावर हा प्राणी मी शंभरदा काढला असेल, पण जिवंत बघून तीस वर्षं झाली. इतका सुंदर असतो हे नोट्समध्ये नाही.
माहीत नाही, म्हणालो. चुकून निघून गेलं. पण कोणी ऐकलंच नाही. ती चाकं नसून केस आहेत, त्यांनी तो पाणी ओढून त्यातलं खातो, असं ती मुलगी सगळ्यांना पटवून देत होती. घंटा झाली. कोणी उठलं नाही. मी फळ्यापाशी उभा होतो, हातात खडू, लिहायला काही नाही.
बाई जाताना म्हणाल्या, जमलं हो तुम्हाला. मी काय केलं ते मात्र विचारायचं राहिलं.

२३ सप्टेंबर, शनिवार
पहिलं वर्ष माझ्याकडेच राहिलं!! प्रिन्सिपॉलांनी मुलांच्या अभिप्रायाच्या बेचाळीस चिठ्ठ्या दिल्या, नावं न लिहिलेल्या. चाळीस चांगल्या. एक कोरी. हिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. शेवटच्या चिठ्ठीवर अडखळलो, तेव्हा हिने ती हातातून काढून घेतली आणि स्वतः वाचली :
"तास फार आवडला. सर रजेवर असतील तेव्हा नेहमी असेच तास ठेवावेत."
ही हसत सुटली. डोळे पुसत, खुर्चीला धरून. मी दहा मिनिटं रागावायचा प्रयत्न केला.
पुढच्या गुरुवारची रजा टाकली आहे. तासाला मात्र जाणार आहे.