मधल्या दाराच्या दोन बाजू

ता. २ मार्च

सौ. धाकटीस,

अ. उ. आ. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण आज आशीर्वाद हाताशी नाहीत. समोर येऊन बोलले तर माझा आवाज चढेल आणि अख्खी गल्ली गोळा होईल, म्हणून हे पत्र. एकाच घराच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात पत्र टाकणारी मीच पहिली असेन. फाटकावरची पत्रपेटी तेवढी अजून दोघींची आहे, तीत टाकते.

तुझं निमंत्रण मिळालं. रविवारी सगळ्यांनी तुमच्याकडे जेवायचं, साथीचं वर्ष सरलं म्हणून एक फोटो काढायचा. आणि खाली तुझ्या त्या वळणदार अक्षरात, की या वर्षानं आपल्याला एकमेकांच्या जवळ आणलं. जवळ? वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी इस्पितळात एक्स-रे काढते म्हणून भाऊजींनी मधल्या दाराला तुमच्या बाजूनं फळी मारली, आणि तू जवळ आल्याच्या गोष्टी करतेस!

सुरुवातीच्या महिन्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. आईंची छाती नाजूक, आणि मी दिवसभर खोकणाऱ्या माणसांना श्वास रोखून धरायला सांगत होते. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, लावून घ्या दार. पण विचारलं कुणी? मी कामावरून येते तो काय, दारापुढे आमचं भांड्यांचं कपाट. हे म्हणाले, धाकट्यानं पलीकडून दार बंद केलंय, ते रोज बघून तुला त्रास नको म्हणून कपाट आणून ठेवलं.

तेव्हापासून आईंचं सकाळचं येणं थांबलं. वॉकर टेकत त्या दारातून यायच्या, माझ्या ओट्याशी स्टुलावर बसायच्या आणि माझा चहा पाणचट असतो हे न चुकता सांगून दोन कप प्यायच्या. पुढच्या पायऱ्या त्यांना उतरवत नाहीत, फोनवर ऐकू येत नाही. अंगणातून खिडकीकडे बघून हात हलवायचा, एवढंच आमच्यात उरलं. आता साथ ओसरली, लसी झाल्या, शाळा उघडल्या, दुकानं उघडली. आमचं दार तेवढं उघडेना. वर हे सांगतात की तुम्हाला तिथं विटांची पक्की भिंत घालायची आहे आणि सोमवारी गवंडी येतोय. म्हणजे रविवारी जेवू घालायचं आणि सोमवारी भिंत घालायची!

मी पाहुणीसारखी पुढची बेल वाजवून येणार नाही. आले तर त्या दारातून येईन, आणि ते तुमच्या हातात आहे. आईंना नमस्कार सांग. लोभ किती शिल्लक आहे ते तुम्हीच कळवा.

तुझी,
थोरली जाऊ


ता. ३ मार्च

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी रडले आणि मग अशी चिडले की दूध उतू गेलं तरी जागची हलले नाही. वर्षभर गिळून बसले होते, आता ऐकाच.

दार आमच्या बाजूनं बंद नाहीच! आमच्याकडे फळी नाही, स्क्रू नाही, साधी कडीसुद्धा घातलेली नाही. फळी तुमच्या बाजूला आहे. दादांनी मारली. मी फोनवर वर्गाला गणित शिकवत होते आणि पलीकडे ड्रिल सुरू होतं, मुलांना एक अक्षर ऐकू येईना. यांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले की हिचीच तशी इच्छा आहे. आम्ही मान डोलावली. घाबरलो होतो, बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण साथ ओसरल्यावर मी वाट बघत होते की तुम्ही आज उघडाल, उद्या उघडाल. तुम्ही ढिम्म. मला वाटलं, ताई सुटल्या एकदाच्या. आईंची आंघोळ, औषधं, कुरकुर, सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळ्या झाल्या. शिवाय रोज सकाळी तुमच्या चहाची तारीफ मलाच ऐकावी लागते. हो, तारीफ! माझा म्हणे पाक असतो, आणि थोरलीचा कसा बेताचा असायचा.

आणि भिंत आम्हाला कुठली? भिंत तुम्हाला हवी आहे, असं दादांनी यांना कारखान्यात सांगितलं. दोघे भाऊ दिवसभर एकाच बाकाशी रंधा मारतात आणि एकमेकांना एक प्रश्न धड विचारत नाहीत. मी यांना म्हटलं, ताईंनाच विचारून या. तर म्हणतात, दादानं सांगितलंय ना, मग मी वर काय विचारणार? अशा वेळी माणसानं कपाळ कुणाच्या भिंतीवर आपटायचं ते सांगा.

कपाट सरकवून बघा. मी खोटी ठरले तर पुन्हा तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही. राग असू द्या, पण लोभ तोडू नका.

तुमची,
धाकटी


ता. ४ मार्च

सौ. धाकटीस,

अ. आ. आजचे खरे आहेत, घे. कपाट सरकवलं. आधी सगळी भांडी खाली काढली, मग खांदा लावून ढकललं.

फळी आहे. आमच्याच बाजूला आहे. आणि प्रत्येक स्क्रूची खाच कशी सरळ उभी! भाऊजींचे स्क्रू वाटेल तिकडे तोंड करून बसलेले असतात. पण आमच्या ह्यांचा स्क्रू घट्ट बसला तरी खाच उभी येईपर्यंत त्यांना चैन पडत नाही, त्यावरून मी त्यांची चेष्टा करत आले. मला घराबाहेर ठेवायचं काम करतानाही यांनी खाचा जुळवल्या, धाकटे! वर्षभर लोकांच्या छातीच्या आतलं बघत होते आणि माझ्याच कपाटामागचं मला दिसलं नाही.

हे आल्यावर विचारलं. बूट न काढता तसेच खाली बसले. म्हणाले, आईसाठी भीती वाटली, पण दार मी बंद करतोय हे तुला सांगायचा धीर होईना, म्हणून धाकट्याचं नाव घेतलं. मग साथ सरली तरी सांगता येईना. यांचा हिशेब असा, की मी ड्यूटीवर असताना गवंडी येऊन गेला की फळी जाईल, भिंत होईल, विषय मिटेल. मला संताप कशाचा आला सांगू? सगळं वर्ष हा माणूस माझ्या शेजारी जेवला, शेजारी झोपला, आजाराला एकदाही भ्यायला नाही. खरं बोलायला मात्र भ्यायला. आणि मी इकडे भाऊजींना मनातल्या मनात काय काय म्हणत होते!

तुझ्यावरही राग आहेच. एकदा पुढून येऊन मला फाडफाड बोलली असतीस तर तेव्हाच उलगडलं असतं.

गवंड्याला यांनी माझ्यासमोर फोन करून नको सांगितलं. स्क्रू मी काढलेत, एक वरचा ठेवलाय. रविवारी तुम्ही सगळे पलीकडे उभे राहा, आईंना खुर्ची द्या. हे तो शेवटचा काढतील आणि आईंसमोर स्वतःच्या तोंडानं सांगतील. तोवर दार तसंच राहील. लोभ आहे, पण तोही रविवारपर्यंत थांबेल.

तुझी,
थोरली जाऊ


ता. ५ मार्च

थोरल्या सुनेस आशीर्वाद.

अक्षर धाकटीचं, बोलणं माझं. तिनं एक शब्द फिरवला तर कळेल, मला कमी ऐकू येतं पण वाचता येतं.

तुझी पत्रं तिनं मला एवढ्या मोठ्यानं वाचून दाखवली की तुझी ती गल्ली गोळा व्हायची राहिली नसेल. मी तुम्हा चौघांवर चिडले आहे. दार माझ्यासाठी बंद केलं ना? मग मला का नाही विचारलं? छाती माझी, जीव माझा. मी बंद करा म्हटलं असतं, नाहीतर राहू दे उघडं म्हटलं असतं. आता ते मलाही सांगता येत नाही, कारण विचारायची वेळ निघून गेली. तुम्ही आपसांत ठरवलंत आणि मला खिडकीत नेऊन ठेवलंत, कुंडी ठेवतात तशी.

थोरला खोटं बोलला, धाकटा गप्प राहिला, ही कुढत बसली आणि तू रुसलीस. मी काय समजत होते ठाऊक आहे? थोरलीला माझा वीट आला. तिला म्हातारी नकोशी झाली. सगळं वर्ष मी हेच मनात धरून त्या खिडकीतून हात हलवत होते. अशी वर्षं माझ्याजवळ आता किती उरलीत? गेलेलं कोण परत देणार आहे?

आणि आता तू रविवार ठरवलास. पुन्हा मला न विचारता. पोराला समोर उभं करून काय विचारायचं ते माझं मी बघेन, जन्म दिलाय त्याला. त्यासाठी तुझा स्क्रू नको आणि बघे नकोत. फोटो हवाच असेल तर मागाहून काढा.

धाकटी हे पत्र पेटीत न टाकता तुझ्या हातात देईल, पुढची बेल वाजवून. मी तोवर वॉकर घेऊन दाराशी बसते. वाचून झालं की स्क्रू काढ आणि चहा ठेव, पाणचट चालेल. लोभ असावा वगैरे मी लिहायला सांगणार नाही. मी फळीच्या पलीकडेच आहे, उघड.

तुझी सासू