ते गाणं कुणाला लागलं

प्रिय फिलो,

मंगळवारी तू मसूरच्या सुपाचं पातेलं घेऊन दाराशी आलीस, तेव्हा नॉर्मन झोपलाय असं मी तुला सांगितलं. तो झोपला नव्हता. माझ्या पाठीमागे, कोट अडकवायच्या खुंट्यांशी उभा होता आणि तू जाईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होता. जाताना तू म्हणालीस, "त्याला म्हणावं, इतकी लाज नको वाटून घेऊस. असली गाणी माझ्या नवऱ्याने, डेसीने, मरेपर्यंत म्हटली, फक्त दुसऱ्या बाजूची." ते त्याने ऐकलं आणि आत जाऊन बसला. सूप मी एकटीने संपवलं, ओट्यापाशी उभी राहून. चांगलं झालं होतं. तुझं काही बिघडतच नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

तुला वाटतंय, तो शरमेने तुझे फोन घेत नाही. तसं नाहीये. काय आहे ते सांगायला बसलेय, पण सरळ तिथे पोचणं मला जमणार नाही. शाळेत फादरांपुढे पापं सांगायला तू जायचीस आणि दोन मिनिटांत मोकळी होऊन यायचीस. मी आधी लहानसहान पापं सांगत बसायची, मोठं शेवटी. तसंच आजही होणार आहे.

नॉर्मनशी माझं जमलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्या निळ्याच्या, त्या प्रॉटेस्टंटाच्या घरात गेलीस तर या घराचे पडदे तुला बंद दिसतील." लग्नाच्या सकाळी तिने खरोखरच पडदे ओढले, कुणी गेल्यावर ओढतात तसे. त्याचे वडीलही आले नाहीत. रजिस्ट्रारच्या कचेरीत माझ्या बाजूने एकटी तू होतीस, आपल्या कॅथलिकांच्या गडद हिरव्या रंगाच्या कोटात. नॉर्मनची आत्या पुटपुटली, "हिला दुसरा रंग सापडला नाही वाटतं." तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "सापडला होता, पण तो मला शोभत नाही." त्या दिवशी मी हसले ते तेवढंच. हे मी विसरलेले नाही. आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की विसरले.

सासूबाई वाईट नव्हत्या. "तुझं तू मनात ठेव गं, भिंतीवर नको," एवढंच म्हणाल्या, आणि येशूच्या हृदयाचं चित्र मी ट्रंकेत घातलं. राखेच्या बुधवारी कामावरून येताना चर्चमध्ये डोकवायची आणि बसमध्ये चढायच्या आधी कपाळावरची राख रुमालाने पुसून टाकायची. पुढे डोकावणंही सुटलं. मुलं त्याच्या बाजूच्या शाळेत गेली. शनिवारी नॉर्मन निळा मफलर गुंडाळून फुटबॉलच्या मैदानावर, आणि मी त्याची सँडविचं बांधून देणारी. त्याने मला कधी काही बोलून दाखवलं नाही. पण विचारलंही नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही.

मग निळ्या आणि हिरव्या, दोन्ही फुटबॉल क्लबांनी मिळून ते शाळांचं काम काढलं. मैदानावरच्या शिव्या आणि बाटल्या थांबायच्या तर आठ-दहा वर्षांच्या पोरांपासून सुरुवात करायला हवी, म्हणून प्रत्येक शाळेत एक निळा आणि एक हिरवा, अशी जोडी पाठवायची. तुला क्लबने विचारलं आणि तू धावत माझ्याकडे आलीस. "तुम्ही दोघंच चला ना. तुमच्यासारखं जोडपं त्यांना शोधून सापडायचं नाही." मी म्हटलं, "माझा संसार मी पोरांपुढे मांडणार नाही. नॉर्मनला घेऊन जा." माझेच शब्द. घेऊन जा.

तुला एक ठाऊक नाही. निवृत्त झाल्यापासून नॉर्मनची दाढी फक्त रविवारी व्हायची. तुमच्या शाळेच्या दिवशी मात्र सकाळी सातला नळ सुरू. फोनवर तुमची तालीम चालायची: "नाही गं फिलो, मफलरांची अदलाबदल आधी, फोटो मग." आणि मोठ्याने हसायचा. माझ्याशी बोलायला त्याला तीन शब्द पुरतात: चहा, बरं, झोपतो. तसलं काही माझ्या मनात आलं नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. आलं असतं तर सोपं होतं. नवरा पळवला तर बाई भांडू शकते, बश्या फोडू शकते. नवऱ्याचं बोलणं पळवलं तर काय म्हणून भांडायचं?

फेब्रुवारीत मी तुमच्याबरोबर आले होते, त्या पूर्वेकडच्या शाळेत. मागे शिक्षिकांबरोबर बसले. तुम्ही मफलर बदललेत, तो हिरव्यात आणि तू निळ्यात, आणि पोरं खिदळली. मग नॉर्मन पुढे झाला आणि म्हणाला, "माझ्या बायकोने माझ्यासाठी तिचं चर्च सोडलं, आई सोडली. त्यात तिचं काय काय गेलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली." एका मुलीने हात वर केला. "मग तुमच्या मिसेस सुखी आहेत का?" नॉर्मन अडखळला. मी त्याच हॉलमध्ये बसले होते, फिलो. त्याने तुझ्याकडे बघितलं. आणि तू म्हणालीस, "मी ओळखते ना तिला. अख्ख्या ग्लासगोत तिच्याइतकी सुखी बाई नाही." टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत तू मागे वळून मला म्हणालीस, "उत्तर ऐकायची भीती! जमलं की नाही वाक्य? तीन दिवस घोकून घेतलंय त्याच्याकडून." मी जमलं म्हटलं. ते वाक्य त्याच्या पोटातून आलं होतं आणि तू फक्त घासूनपुसून दिलं होतंस, की मुळातच तुझं होतं, हे मी दोघांनाही विचारलं नाही. अजून कळलेलं नाही.

मेमध्ये वॉल्टरची साठी झाली. नॉर्मनने धाकट्या भावाच्या पार्टीला तुला बोलावलं, निळ्या पताका लावलेल्या त्या हॉलमध्ये. आधी सगळे जरा अवघडले. मग तू वॉल्टरला म्हणालीस, "केक तरी हिरवा करायचास रे, मला घरच्यासारखं वाटलं असतं," आणि हॉल हसला. वॉल्टर तुझ्याबरोबर नाचला. अडतीस वर्षांत त्या लोकांतलं कुणी माझ्याबरोबर नाचलेलं नाही. मी जावेच्या सांगण्यावरून फोनवर चित्रण करत होते, तेव्हाही आणि शेवटीही. शेवटी वॉल्टरच्या दोस्तांनी ते गाणं सुरू केलं, आपल्या लोकांच्या नावाने शिव्यांचं. नॉर्मनचं तोंड बंद होतं. मग वॉल्टरने त्याच्या गळ्यात हात टाकला. "काय रे, मास्तर झालास काय आता?" आणि नॉर्मन गायला. अख्खं कडवं गायला. तू हातातल्या ग्लासात बघत होतीस. माझा फोन चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बागेतून तुला फोन केला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. "फिलो, मला माफ कर. तुझ्यासमोर मी ते गायलो, माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटतेय." तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, पण त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "खरंय तुझं. पोरांना हेही सांगू या." म्हणजे तेसुद्धा तुमच्या दोघांचं झालं. मी खिडकीशी थांबून राहिले. म्हटलं, आता आत येईल आणि मला तेच म्हणेल. मीही त्या हॉलमध्ये होते, त्याच शिव्या मलाही होत्या. तो आत आला आणि म्हणाला, "चहा आहे का?"

मी चहा दिला.

त्या गुरुवारी बाजारातून येताना लायब्ररीत बसले, खोट्या नावाने ईमेल उघडला आणि ते चित्रण त्याच्या क्लबला पाठवलं. मी पाठवलं, फिलो. माझ्या मनात एवढंच होतं, की आता तो घरी बसेल, आणि बोलायला मीच उरेन.

चार दिवसांत क्लबचं पत्र आलं. शाळांचं काम बंद, आणि पुढचा हंगामभर मैदानावर पाय ठेवायचा नाही. नॉर्मन बोलेनासा झाला, माझे ते तीन शब्दही गेले. मग एका दुपारी जेवताना म्हणाला, "त्या हॉलमध्ये आपल्याबाहेरचं होतं कोण? एकटी ती. पुढ्यातच बसली होती, फोन टेबलावर ठेवून. किती केलं तरी शेवटी ती त्यांचीच." मी समोर होते, त्याच्या ताटात बटाटे वाढत होते. आपल्याबाहेरचे मोजताना माझा नवरा मला मोजायला विसरला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं लिहिते: त्याच्या तोंडून तुझ्याविरुद्ध शब्द ऐकून मला आधी गार वाटलं. राग नंतर आला. हा क्रम मी तुझ्यापासून लपवणार नाही.

म्हणून तो तुझे फोन घेत नाही. सहा आठवडे तो तुला चुगलखोर समजतोय आणि मी समजू देतेय.

आणखीही समजू दिलं असतं. पण काल एल्सी आली होती. तुम्ही शाळेत गेलात तेव्हा आमची ही नात त्या वर्गात होती, तुझा मफलर परत द्यायला तयार नव्हती ती. आम्ही स्कोन करत होतो. पीठ मळता मळता म्हणाली, "आजी, फिलोआजीने चुगली केली ना? आजोबा बाबांना सांगत होते, त्या बाजूच्या माणसांवर विश्वास ठेवायचाच नसतो." मी म्हटलं, "अगं, मी पण त्याच बाजूची आहे." ती हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. "काहीतरीच. तू आमची आहेस." तुम्ही दोघांनी दोन वर्षं शंभर शाळांत जे पुसत आणलं होतं, ते माझ्या ओट्यापाशी, माझ्या नातीच्या तोंडात परत आलं होतं. आणि तिथे ते माझ्यामुळे पोचलं होतं.

आज सकाळी नाश्ता झाल्यावर नॉर्मनला सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली. वाटलं होतं, का केलंस म्हणून विचारेल. पण तो म्हणाला, "ते गाणं तुला लागलं?"

"दर वेळी लागतं," मी म्हटलं.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

त्याने मान हलवली. उठला, कोट घातला आणि म्हणाला, "फिलोची माफी मागून येतो. नाही नाही ते बोललो मी तिच्याबद्दल." मी म्हटलं, "मग माझंही सांग तिला." तर म्हणाला, "नाही. मी निरोप्या नाही. तू केलंस ते तू लिही. मी थांबतो."

गेला तासभर तो कोट घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलाय, आणि मी हे लिहितेय. पत्र त्याच्याच हाती देणार आहे. क्लबलाही आज माझ्या खऱ्या नावाने लिहीन. त्याने काही बदलणार नाही, कारण गायला तो होताच, पण चुगली कुणाची ते तरी कळेल. तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि ते मला सोसायचं नाही. त्याला मात्र आत घे. चहात साखर घालू नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय, आणि तो तुला सांगणार नाही. सकाळी माझं ऐकून त्याला काय वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या टेबलाशी बसला की तो बोलेल. सगळं सांगेल तुला. ते तुझ्याआधी मला ऐकायचं होतं, फिलो, आणि आत्ता, हे लिहिताना, पत्र फाडून टाकून दाराला आतून कडी घालावी असं मला वाटतंय. घालत नाही. त्याला हाक मारतेय.

तुझीच,
रोझलीन