रांगोळी नसलेली गल्ली

१५ मार्च

तिकीट ह्यांनाच. दुपारी जिल्हा सचिव तंगपांडी अण्णाचींनी स्वतः फोन करून सांगितलं, संध्याकाळी चेन्नईहून यादीही आली — तूतुकुडी, वकील सुडलैमणी. घरात शालींचा ढीग. कुणीतरी पक्षाच्या रंगांच्या काठाची पांढरी वेष्टी आणली. हे ती नेसून बाहेर आले. आरशात बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "बरी दिसते का, वडिवु?"

काळ्या कोटाची सवय आहे डोळ्यांना, म्हटलं. वेळ लागेल.

निघताना अण्णाची उंबऱ्यात थांबले. "ते मिठागरवाल्यांच्या गल्लीचं प्रकरण आता सोडा, वकीलसाहेब. आपल्याच माणसाविरुद्ध आपलाच उमेदवार — शोभत नाही." आपलं माणूस म्हणजे त्यांचा मेहुणा. गल्लीखालची जमीन त्याने विकत घेतली आहे. कोर्टाची स्थगिती आहे म्हणून घरं उभी आहेत, नाहीतर कधीच पाडली असती.

हे हसले. नाही म्हणाले नाहीत.

१६ मार्च

जेवणात लक्ष नाही. रसम भातावर न घेता पाण्याच्या पेल्यात ओतलं.

१७ मार्च

पेच्चियम्मा आली होती. गल्लीच्या वतीने दावा तिच्याच नावावर आहे. मिठागरातून तशीच आलेली, डोळे लाल, पायांना मीठ. ह्यांनी तिला खुर्ची दिली आणि सांगून टाकलं, "दुसरा वकील बघा, अम्मा. माझी हरकत नाही."

"कुठला बघू? गावातले सगळे अण्णाचींच्याच ओसरीवर कॉफी पितात."

मी दिलेली कॉफी तिने तशीच ठेवली.

ती गेल्यावर हे म्हणाले, "निवडून आलो की जमिनीचे कागदच त्यांच्या नावावर करून देतो."

"आणि घरं आधीच पडली तर?"

"वकिलासारखी बोलू नकोस."

दुसरं काय येतं मला? तो दावा मीच लिहिला. ह्यांचे सगळेच दावे मी लिहिते — जेवणाच्या टेबलावर, भाजी बाजूला सारून. कोर्टात उभे ते राहतात. मुलगा झाल्यापासून असंच चाललंय. माझी वकिलीची सनद मात्र मी कधी सोडली नाही.

१८ मार्च

उमेदवारी अर्ज वीस तारखेला भरायचा. आपला पक्ष देव मानत नाही, राहूकाळ मानतो; त्यामुळे वेळ तीनदा बदलली. शेवटी साडेदहा ठरली.

गल्लीची सुनावणीही वीसलाच आहे. साडेदहाला. वकील हजर नसला तर स्थगिती उठेल. आम्हा दोघांनाही ते ठाऊक आहे.

१९ मार्च

आज पहिला प्रचार. मीही जीपमध्ये. गल्लोगल्ली बायका आरती घेऊन उभ्या, दारोदारी रांगोळीत पक्षाचं चिन्ह. शेवटी मिठागरवाल्यांची गल्ली.

एकाही दारापुढे रांगोळी नव्हती.

दार असं कोरं असतं ते घरात मयत झाल्यावरच. ह्यांनी ढोल थांबवायला लावला, चपला जीपमध्येच काढल्या, खाली उतरले. पेच्चियम्मा पायरीवर बसली होती. हळूच विचारलं, "कोण गेलं, अम्मा?"

"अजून कोणी नाही, वकील अय्या. उद्या कोर्टात पुकारा होईल, तुम्ही नसाल. मग सगळंच जाईल. म्हटलं, सुतक आजच पाळून घ्यावं. नंतर दारं कुठे असणार?"

मागून अण्णाची म्हणाले, "बायकांचं काय मनावर घेता! उशीर होतोय, चला." हे तसेच अनवाणी उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. मग वळले आणि जीपमध्ये चढले.

मी नाही चढले. चालत येते म्हटलं.

२० मार्च, सकाळ

बाहेर ढोल सुरू झालेत. हे नवी वेष्टी नेसून दारात आले. "तयार नाहीस? अर्ज भरताना तू शेजारी हवीस. फोटो निघतील."

"मी कोर्टात असेन. काल पेच्चियम्माचं वकीलपत्र घेतलं."

ह्यांनी वेष्टीचा काठ मुठीत धरला. "अण्णाचींना काय सांगू?"

"माझी हरकत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

वकिलीच्या काळ्या गाऊनला ट्रंकेतला वास येतोय. साडेदहाला पुकारा.