बार्बरीने न घेतलेली शपथ

आठव्या महिन्याचा तिसरा दिवस, १६५६
(मार्चपासून मोजला की आठवा. तू याला ऑक्टोबर म्हणतोस. म्हण बापडा.)

भाऊ गॉवेन,

नमस्कार-चमत्कार आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांना वर्ज्य. तरी विचारते, गुडघा कसा आहे? आमचं ओटचं पीक कापून झालं, मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. तू दार उघडत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

काल न्यायालयात मी मागे उभी होते. तू मला पाहिलंस आणि नजर वळवलीस. मग बायबलवर हात ठेवून म्हणालास, "कोठारात क्वेकरांची प्रार्थनासभा होती, मी दाराशी पहाऱ्यावर होतो. कापणी संपायच्या आत चर्चचा मनोरा कोसळेल, हा देवाचा शब्द आहे, असं ही म्हातारी ओरडली."

मनोरा काही कोसळला नाही. तेव्हा भविष्य खोटं, आणि बार्बरी देवाच्या नावाने खोटं बोलणारी.

न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, मी बोलले नाही अशी शपथ घे आणि घरी जा."

"मी बोलले नाही," बार्बरी म्हणाली. "शपथ कशाला? एरवी मी खोटं बोलते असं वाटतं का तुला?"

"न्यायाधीशाला अरे-तुरे करतेस?"

"देवालाही मी तूच म्हणते, बाबा."

सगळे हसले. ती हसली नाही.

"मग बोललं कोण?"

"ते जिचं तिला ठाऊक."

गॉवेन, एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नाही. एक शब्द उच्चारायचा, तोही खरा, की सुटका! पण आमचं 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, त्याला शपथेचा टेकू नको, हे आपण सारेच घोकतो. तिने ते उभं राहून दाखवलं. परवा बाजारात तिला फटके बसणार, सत्तरीच्या बाईला!

त्या दिवशी कोठारात आम्ही सगळे गप्प बसलो होतो. मी थरथरत होते, बार्बरीने माझा हात धरला होता. वसंतात चर्चच्या पाळकाने, बाप्तिस्मा नाही म्हणून, माझ्या तान्ह्याला चर्चच्या आवारात पुरू दिलं नाही, ते मनात खदखदत होतं. तोंडून शब्द बाहेर पडले आणि मला वाटलं, देवच बोलला. देव नव्हता रे. माझा राग होता.

हे तुला मी नव्याने सांगत नाही. पाळण्यात मी रडले, तरी आईच्या आधी तू धावायचास. दाराआडून माझा आवाज तुला कळला नसेल? मला वाचवायला तू खोटी शपथ घेतलीस. तिने खरीही घेतली नाही, आणि मला वाचवायला माझं नावही सांगितलं नाही.

उद्या मी न्यायाधीशासमोर जाईन. शपथ मीही घेणार नाही, त्यामुळे माझं कोणी खरं मानणार नाही. तुझं मानतील. तू ये. मी तेच शब्द पुन्हा म्हणेन. आवाज कोणाचा, एवढंच तू सांग.

तुझ्यावर न रागावलेली,
तुझी वाट पाहणारी,
एलिनॉर