रहाट लागतो

आगाशी,
दि. ६ मे १९५२

ती. भावोजींस,
नर्मदेचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सारे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुम्ही नाशकाला मुलाकडे सुखात असाल. ह्यांचा खोकला तसाच आहे. तुमची राजेळी केळ पिवळी पडली, हे कुणीतरी तुम्हाला कळवलेलं दिसतं.

पत्र पोचलं. 'जयूचं वाईट झालं, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही' असं लिहून पुढच्याच ओळीत तुम्ही रहाट का बंद, त्याची लाकडं कुठे गेली, हे विचारलंत. सांगते. जरा दम धरा.

माझी जयू सकाळी उठली की डोकं धरून ओकायची. दुपारी पुन्हा हसतखेळत असायची. मग चालताना झोकांड्या जायला लागल्या. मी मुंबईला न्यायचं म्हटलं, तर ओटीवर सगळ्यांदेखत हसलात. "रहाट लागतो तिला, बोट लागते तसा. आपल्या सगळ्या पोरांना लागतो, बसून बसूनच जातो." आणि रेडा हाकायला मुद्दाम तिलाच रहाटावर बसवलीत. पडते म्हणून आपल्या पंच्याने आडव्या लाकडाला बांधलीत. गाठ सुटेना, तेव्हा मी पंचा विळ्याने कापून तिला उतरवली.

"आये, रहाट थांबला तरी हीर फिरतेच गो," म्हणाली.

तिला दिसेनासं झालं तेव्हा कुठे तुमचा होकार मिळाला. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मेंदूत गोळा वाढलाय, आधी का नाही आणलीत? हे मान खाली घालून उभे होते. तुमचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, घराण्याच्या अब्रूसाठी गिळलं. आता गिळणार नाही.

विहीर आमच्या वाटणीची आहे. तुमच्या केळींना, पानवेलींना तिचा थेंब मिळणार नाही. हे नेहमीसारखे गप्प आहेत, पण पहिल्यांदाच माझ्या बाजूने गप्प आहेत. रोज संध्याकाळी मी बांधावर उभी राहून तुमची बाग सुकताना बघते. मला बरं वाटतं. पाप लागत असेल तर लागो.

आता लाकडांचं. जयूला स्मशानात न्यायच्या सकाळी मी ह्यांच्या हातात कुऱ्हाड दिली. रहाट तिच्याबरोबर जाळला. ते आडवं लाकूड तिच्या अंगावर ठेवू दिलं नाही, पायांखाली घातलं.

तुमचा पंचा मात्र ठेवला आहे. गाठ अजून तशीच आहे. पावसाआधी या. ओटीवर बसून सगळ्यांदेखत ती सोडा, आणि मग माझ्याकडे पाणी मागा.

मी नाही म्हणेन.

जयूची आई,
नर्मदा