वीरधवल सुधारतो

बुधवार, ८ जानेवारी
पेपरात वीरधवलचा फोटो! आमच्या सांगलीचा पोरगा, पहिलाच सिनेमा, शुक्रवारी लागतोय. पोरी फिरवणारा हिरो शेवटी खऱ्या प्रेमात पडतो आणि सुधारतो — विनोदी, सहकुटुंब बघा. मुलाखतीत म्हणतो, "ही माझीच गोष्ट. बायकोमुळे माणूस झालो." माणूस म्हणे!

तीन वर्षं आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये माझ्या मागेपुढे होता. लग्नाचं बोलायला घरी येऊन गेला. त्याच वेळी साताऱ्यात एक, वाईत एक. मला कळलं तेव्हा उलट मलाच — "तू उगीच ताणतेस."

आईनं फोटो बघितला. "चांगला दिसतोय गं अजून." पेपर टराटरा फाडला मी.

शुक्रवार, १० जानेवारी
गेलेच शेवटी. एकटी. थेटर भरलेलं.

मी आहे त्यात! जाड भिंगाचा चष्मा, डबा घेऊन हिरोच्या मागे पळणारी येडी. बाबा गेले तेव्हा मी त्याला फोनवर म्हणाले होते, "तू नुसता येऊन बस. काही बोलू नकोस." तेच वाक्य, शब्दन् शब्द, त्या येडीच्या तोंडी — आणि हिरो खिडकीतून उडी टाकून पळतो. लोक पोट धरून हसले. शेजारच्या बाईनं हसत माझ्याकडे टाळीसाठी हात पुढे केला. मी दिली टाळी! का दिली?

शनिवार
ग्रुपमधल्या एकीकडून त्याचा नंबर मिळवला.

रविवार, १२ जानेवारी
त्याला फोन केला. "बाबांच्या वेळचं वाक्य का घेतलंस?"

"अगं उत्कर्षा, लय हशा मिळतो त्याला! मनावर काय घेतेस? शेवटी सुधारतोय ना तो!"

"सिनेमात," म्हटलं.

मागून बायकोचा आवाज — "कोण आहे?" हा म्हणाला, "प्रोड्यूसर." आणि ठेवला फोन!

मंगळवार, १४ जानेवारी
ऋचाचा फोन. त्याची बायको. "ताई, रविवारचा फोन तुमचाच ना? यांच्या मोबाईलमध्ये पाच प्रोड्यूसर आहेत. सगळ्यांना फोन लावले. सगळ्या बायकाच." रडत नव्हती. "सासरहून निघालेय. स्टँडवर बॅग घेऊन बसलेय. सांगलीत माझं कुणी नाही. तुम्ही याल?"

गाडीची किल्ली घेतली. आईनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आण तिला, मी भात टाकते."