माझीच दृष्ट लागेल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले बाई एकदाची! बार्शीहून निघताना आईचा एकच घोशा होता, एकटी बाई, परका मुलूख, कसं होणार तुझं. इथे वसईजवळ जूचंद्रला उतरले आणि दारादारातल्या रांगोळ्या बघूनच जीव हरखला. काय एकेकीचा हात! माझी रांगोळी म्हणजे सांडलेलं पीठ. घरमालकीण प्रेमलताकाकू खाली राहतात, वरच्या दोन खोल्या माझ्या. आल्या आल्या त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून दिली. जन्मात जवळा खाल्ला नव्हता, पण बोटं चाटून खाल्ला.

नोकरीही अगदी मनासारखी. वसईतल्या एका वाचनालयाने ऑनलाइन गप्पांची मालिका काढली आहे. दर शनिवारी संध्याकाळी या भागातला एक कवी नाहीतर लेखक त्याच्या घरून बोलणार, मी माझ्या घरून प्रश्न विचारणार, आणि लोक जिथे असतील तिथून ऐकणार. चिटणीस रेमंड सर म्हणजे निवृत्त शिक्षक, देवमाणूस. मी त्यांना सांगून टाकलं की मीही कवयित्री आहे, दोन संग्रह आहेत, माझ्याशीही गप्पा ठेवा. ते म्हणाले, आधी इथल्या लोकांचं होऊ दे, मग शेवटी तुमचा नंबर. शेवटी तर शेवटी. वीस वर्षं थांबले, आणखी थोडी थांबेन.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिले पाहुणे पास्कलकाका, आगाशीकडचे, केळीचे बागायतदार. बिनइस्त्रीचा शर्ट, मागे भिंतीवर क्रूस, शेजारी बायको लिली पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली. मनात म्हटलं, हे काय कविता म्हणणार! त्यांनी घरच्या बोलीत विहिरीवरच्या रहाटाची कविता सुरू केली. निम्मे शब्द मला कळले नाहीत, तरी अंगावर काटा आला. पडद्याच्या कडेने लाल बदाम नुसते वाहत होते. दुबईहून कोणी लिहिलं, रडवलंत काका.

जळले मी. खोटं कशाला लिहू? एम.ए. मी केलं, वृत्तं मी घोटली, आणि माझ्या संग्रहांचे गठ्ठे बार्शीला माळ्यावर धूळ खातायत! शेवटी हसत हसत म्हटलं, काका, इतकं गोड म्हणू नका, माझीच दृष्ट लागेल हो तुम्हाला. सगळ्यांना भारी आवडलं. रेमंड सर म्हणाले, दर वेळी असंच म्हणत जा, घरगुती वाटतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पास्कलकाकांचा आवाज गेला. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत गायन सुरू झालं, यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. डॉक्टर म्हणतात घशाला काहीएक झालेलं नाही. लिलीकाकू फोनवर रेमंड सरांपाशी रडल्या म्हणे. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण बातमी ऐकल्यावर दुपारी झोप कशी गाढ लागली, तेही खरं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज हेमाली. विरारची, जेमतेम चोवीस वर्षांची, वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला. हातात कागद नाही, काही नाही, घडाघडा म्हणते. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि मध्येच, मॅडम, ये वाला ऐका ना. एका ओळीत मात्रा चुकली, मी ती दाखवली. दाखवायलाच हवी ना? तर पडद्याखाली लोकांनी लिहून लिहून भडिमार केला. मॅडम, तिला बोलू द्या. मॅडम, तुम्ही जरा गप्प बसा. चारचौघांत माझी अशी शोभा! अंगाचा तिळपापड झाला नुसता. तरी दात दाखवून हसले आणि तेच वाक्य म्हटलं, माझीच दृष्ट लागेल गं तुला. पोर लाजली. लव्ह यू मॅडम म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हेमालीचाही आवाज गेला. सकाळी कामावर हजेरीला नाव पुकारलं, तिला ओ देता येईना. तिची आई नवस बोलत सुटली आहे.

संध्याकाळी प्रेमलताकाकू वर आल्या. त्या खाली मोबाइलवर दर शनिवारी आमच्या गप्पा बघतात. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, बाय, तुजी नजर हाय. तुजा दोस नाय त्यात, पन हाय. परत कोनाचं कवतिक करू नको. मला असा राग आला! मी म्हटलं, काकू, मी शिकलेली बाई आहे. त्या म्हणाल्या, नजर काय शाळेचा दाखला इचारते?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज ते वाक्य म्हणायचं नाही, कौतुकाचा एक शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच बसले. पाहुणे आग्नेल, अर्नाळ्याचे, घरची होडी, पहिल्याच कादंबरीला बक्षीस. वादळाचं प्रकरण वाचू लागले. काय वाचतो हा माणूस! मी ओठ घट्ट मिटून नुसती बघत होते. मनात एकच – याला का? मला का नाही?

आणि वाक्याच्या मध्येच आवाज बंद. ओठ हलतायत, शब्द नाही. खाली सगळे लिहू लागले, म्यूट आहात, माईक चालू करा. माईक चालूच होता. त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला. मी घाबरून भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्याच क्षणी त्यांचा आवाज आला – आई गं – अगदी स्पष्ट.

मी परत पाहिलं. पुन्हा बंद.

म्हणजे वाक्याचं काही नाही. माझे डोळेच. आणि हे कळूनही मी – का पाहिलं मी परत –

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रेमंड सरांचा फोन. पाहुणे यायला घाबरतायत. म्हणाले, या शनिवारी तुम्हीच बसा, प्रश्न मी विचारतो.

नाही म्हणायला हवं होतं. हो म्हटलं. फोन ठेवून गिरकी घेतली! तिघांचे गळे बसलेत आणि मी – लाज नाही मला.

काकू हातापाया पडल्या, नको बसू बाय. मी म्हटलं, पाहुणी मीच, मग नजर लागणार कोणाला? माझ्यावर कोण जळणार?

२९ नोव्हेंबर, शनिवार

कसंबसं लिहितेय.

सुरुवात इतकी छान झाली – हिरवी साडी, आवाज मोकळा – बदाम, किती बदाम! माझ्या कवितेला!

मग पडद्यावर माझ्या चौकटीतली ती बाई दिसली. हिरव्या साडीतली. काय तिची मान, काय म्हणणं. लोक तिच्यासाठी रडत होते. मी वीस वर्षं घासली आणि हिला एका संध्याकाळीत –

पुन्हा जळले मी. तसंच.

कळलं मला. म्हटलं, तोंड फिरव, फिरव गं – मान वळेना – डोळे मिटेनात –

खाली ओळ आली. मॅडम, म्यूट आहात.

३० नोव्हेंबर, रविवार

आवाज नाही.

काकूंनी मीठ-मिरच्या उतरवून विस्तवात टाकल्या. ठसका नाही, वास नाही. इतकी जबर दृष्ट त्यांनी जन्मात पाहिली नाही म्हणे. रडत विचारत होत्या, कोनाची लागली, कोनाची. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. त्या मागे सरकल्या.

असू दे. हात आहे. लिहिता येतं. एवढं तरी माझं –

१ डिसेंबर, सोमवार

बोलायला कोणी नाही. म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली.

कसं लिहिलंय! एक शब्द इकडचा तिकडे नको. दोन संग्रहांत जमलं नाही ते – इतकं सहज – कोणी शिकवलं हिला –

नको. मीट वही. मीट ना –

बोटं आखडतायत –

पण काय हात आहे बाईचा. हिलाच का. मला असं एक पान तरी कधी लिहि